कोणत्या मापात?

आमच्या गावातल्या रुद्रभूमीत, म्हणजे माणसं पुरायच्या जागेत, एकाच बाईचे दोन दगड होते. एक उत्तरेला लिंबाच्या झाडाखाली, दुसरा मागं नाल्याकडच्या भिंतीजवळ. दोन्ही मीच नेऊन ठेवलेले. दर सोमवारी सकाळी एक माणूस तांब्या घेऊन यायचा, लिंबाखालच्या दगडाला पाणी घालायचा, बेलाचं पान ठेवायचा, मग काठी टेकत मागच्या दगडाकडं जायचा आणि तिथंही तसंच करायचा. नाक्यावरचे लोक म्हणायचे, सरांना दोन बायका. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "बायको एकच हाय. पत्ते दोन हायत."

हे सर माझे भाडेकरू. आमचं गाव अहमदपूर तालुक्यात, नांदेड-लातूर रस्त्याला लागून. मी जातीचा सुतार, बैलगाडीची चाकं करणारा. शाळा चौथीपर्यंत. चौथीत मास्तरानं विनाकारण मारलं म्हणून घरी आलो. नंतर तोच मास्तर बोलवायला आला, तरी गेलो न्हाई. आमच्या घरात एकदा न्हाई म्हटलं की न्हाई. तेव्हा मी लिहितो ते जसं जमेल तसं वाचावं. सरांवर कुणीतरी लिहायला पाहिजे आणि ज्यांना लिहिता येतं त्यांनी सरांना बघितलेलं न्हाई.

खोल्या बघायला ते आणि वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आले त्या दिवशी सरांनी भाडं विचारलं न्हाई, नळ विचारला न्हाई. दार उघडलं, लोटलं, परत उघडलं, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, हे दार दीडला थांबतं."

"दीड काय? दीड फूट?"

"दीड. अजून थोडं उघडलं असतं तर पुरा काटकोन झाला असता."

मला राग आला. दार माझ्या हातचं, सागवानी, गुण्या लावून काटकोनात बसवलेलं. मी म्हटलं, "दार गुण्यात हाय सर. पाहिजे तर आणून दाखवतो."

"दार गुण्यातच हाय. भिंतीला पोट आलंय, ती मधी येते."

वहिनी मागं उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, मनावर घेऊ नका. ह्यांना कोणतंच दार पुरं उघडलेलं दिसत न्हाई." मग त्यांनीच भाडं विचारलं.

सर म्हणजे उंच, वाळका, कायम पायजमा आणि वर इस्त्रीचा शर्ट. खिशात सुतळीचा गुंडा. आधी ते लातूरला एका क्लासमध्ये गणित शिकवायचे, म्हणून सर. तिथं त्यांचं जमलं न्हाई. लातूरच्या क्लासात पोरांना उत्तर पाहिजे असतं, ह्यांना उत्तराच्या पुढं मापाचं नाव पाहिजे असायचं. पोरानं बरोबर आकडा लिहिला आणि मापाचं नाव लिहिलं न्हाई की सर शून्य द्यायचे. आईबाप भांडायला आले तर त्यांना विचारायचे, "तुमच्या पोरानं पाच लिहिलंय. पाच काय? पाच म्हशी?" शेवटी क्लासवाल्यांनी हात जोडले. मग ते कम्प्युटरकडं वळले आणि नांदेडच्या एका खाजगी कंपनीत लागले. पाण्याच्या टाक्या कुठं हायत, कोणत्या टाकीपासून कोणतं गाव किती लांब आणि कोणत्या अंगाला, असलं सगळं त्या कंपनीच्या कम्प्युटरात भरलेलं. सर आठवड्यातले काही दिवस एस्टीनं नांदेडला जायचे, बाकी घरनं काम करायचे.

मी एकदा विचारलं, "सर, तुम्ही तिथं करता तरी काय?"

"कम्प्युटरला सवाल विचारतो."

"आणि पगार कशाचा?"

"सवालाचाच. जवाब तोच देतो. पण सवाल चुकला तर तो चूक म्हणत न्हाई मिस्त्री, गुमान खोटा जवाब देतो. म्हणून विचारायला माणूस लागतो."

सवालाला ते क्वेरी म्हणायचे.

त्यांचं आणि माझं खरं जमलं ते चाकावरनं. अंगणात मी शेवटचं केलेलं चाक टेकवून ठेवलेलं होतं. आता सगळीकडं ट्रॅक्टर आणि रबरी टायरच्या गाड्या, लाकडी चाक कोण घेतंय. रस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्यानं भिंतीला लावायला मागितलं होतं. मी दिलं न्हाई. चाक भिंतीला लावायची वस्तू न्हाई. तर एका रविवारी सर खाली आले, खिशातली सुतळी काढली, चाकाच्या तुंब्याच्या मध्यापासून वरच्या लोखंडी धावेपर्यंत, म्हणजे आऱ्याच्या, तुंब्यात बसलेल्या दांड्याच्या अंगानं धरली आणि तोडली. मग तोच तुकडा धावेवर गोलाईनं लावायला लागले.

"काय करून राहिले सर?"

"मोजून राहिलो. किती वेळा बसतो बघू."

"सहा वेळा आणि वर एक वीत," मी बसल्या जागेवरनं सांगितलं. "धाव कापताना उस्तादानं शिकवलंय. सहा आरे आणि वीत. त्याच्यापेक्षा कमी कापली तर धाव चढत न्हाई."

सरांनी पुरं मोजलं. सहा वेळा आणि वीत. ते चाकाला टेकून खालीच बसले. लई वेळ हसत होते. मग मला समजावून सांगितलं ते असं. माणसं गोलाचे तीनशे साठ भाग करतात आणि त्याला अंश म्हणतात. कम्प्युटर तसं करत न्हाई. तो चाकाचा आराच घेतो आणि धावेवर टाकतो. एक आरा म्हणजे सत्तावन्न अंशाला जरा वर. त्याला इंग्रजीत रेडियन म्हणतात. कोणता कोन विचारला की कम्प्युटर आऱ्यातच सांगतो. माणसाच्या मापात पाहिजे असेल तर सवालातच लिहावं लागतं. डिग्रीज म्हणून एक शब्द हाय, तो लिहायचा आणि कोन कंसात घालायचा.

मी म्हटलं, "तीनशे साठच का? तीनशे का न्हाई?"

"कुणीतरी ठरवलं."

"आणि आरा कुणी ठरवला?"

"आरा कुणी ठरवला न्हाई. तो चाकातच असतो."

हे मला पटलं. त्या दिवसापासून आमच्या दोघांत रेडियन म्हणायचं न्हाई, आरा म्हणायचं. पहिल्या दिवशी माझं दार दीडला थांबलं ते दीड आऱ्याला, हेबी तेव्हा उमगलं. तरी दार गुण्यातच होतं.

नांदेडच्या हापिसात एक पोरगा तो शब्द घालायचा विसरला. कम्प्युटरनं सगळ्या गावांच्या दिशा आऱ्यात दिल्या आणि नकाशा त्यांना अंश समजला. आऱ्यात सगळे आकडे सहाच्या आसपास संपतात. त्यामुळं झाडून सगळी गावं नांदेडच्या उत्तरेला, एकमेकांच्या डोक्यावर. पूर्वेची उमरी उत्तरेला, दक्षिणेचं देगलूर उत्तरेला. साहेबांपुढं तो नकाशा लागला. सर घरी येऊन सांगताना हसत होते, पण तो नकाशा त्यांनी डोक्यात धरला. म्हणायचे, "आकड्यात चूक न्हवती मिस्त्री. एकबी आकडा चुकला न्हवता. नुसतं माप सांगितलं न्हाई आणि देगलूर हलवलं."

तेव्हापासून त्यांनी सगळ्यांना एकच विचारायचा सपाटा लावला. कोणत्या मापात? दूधवाला म्हणाला आज थोडं कमी हाय, कोणत्या मापात? एस्टीचा कंडक्टर म्हणाला लोह्याला थोडा वेळ थांबेल, कोणत्या मापात? लोक बेजार. वहिनींना मात्र त्याचं काही वाटायचं न्हाई. त्या उदगीरच्या, दुकानदारांच्या घरातल्या, तोंडात कानडी शब्द. सर चहात दूध ओतायचे आणि वहिनी "साकु" म्हणायच्या. साकु म्हणजे पुरे.

"साकु कोणत्या मापात?"

"माझ्या."

"तुझं माप मला कसं कळायचं?"

"इतकी वर्षं ओतताय, कळलं नसेल तर चहा सोडा."

मूलबाळ न्हवतं. संध्याकाळी दोघं माझ्या अंगणात खुर्च्या टाकून बसायचे. सर सावलीवरनं सांगायचे सूर्य किती खाली गेला, वहिनी शेंगा फोडत असायच्या. त्या काही बोलायच्या न्हाईत, फोडलेले दाणे त्यांच्यापुढं सरकवायच्या. मीबी तिथंच असायचो. माझं घर असून मला पाहुण्यासारखं वाटायचं, पण उठावंसं वाटायचं न्हाई.

मग कोरोना आला. वहिनींना लातूरच्या दवाखान्यात नेलं. सरांना आत सोडलं न्हाई. ते बाहेर रस्त्यावर झाडाखाली बसून राहायचे आणि मला फोन करायचे. "मिस्त्री, बरी हाय म्हणतात." मी विचारायचो, कोणत्या मापात? म्हटलं जरा हसतील. एकदा हसले. पुढच्या खेपेला हसले न्हाईत, म्हणून मग मी विचारायचं सोडलं.

वहिनी तिथंच गेल्या.

सरांच्या समाजात जाळत न्हाईत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात. अंगाला विभूती, हातात लिंग, भोवती मीठ आणि बेलाची पानं. त्या दिवसांत तसं काही करू देत न्हवते, बाकीच्यांचं सगळं तिकडं शहरातच उरकायचे. सरांनी साहेब लोकांच्या पाया पडून वहिनींना गावच्या रुद्रभूमीत आणायची परवानगी मिळवली. त्या आजारात गेलेली, तशी पिशवीत घालून आमच्या गावात आणलेली ती एकलीच. पांढरे झगे घातलेली बाहेरगावची माणसं आली, जेसीबीनं खड्डा केला. आम्हाला फाटकाच्या आत येऊ दिलं न्हाई. सर एकटेच आत. गाव घरात बसलेलं.

परत आले ते दारात उभे राहिले. दीडला थांबणाऱ्या त्याच दारात.

"निजवली मिस्त्री," म्हणाले. "बसवली न्हाई."

मी पाण्याची बादली पुढं केली.

"काळ्या पिशवीत होती. चेन लावलेली. विभूती मी पिशवीवरनंच टाकली. ती तिला लागली नसेल."

कुठं ठेवली, हे मी विचारलं न्हाई. पुढंबी विचारलं न्हाई. सोमवारी पहाटे ते तांब्या घेऊन जायचे आणि उजाडताना परत यायचे. नवरा-बायकोच्या मधी आपण कशाला जायचं. गावातबी कुणाला माहीत न्हवतं. सरांनी तिथं दगड ठेवला न्हाई, नाव लावलं न्हाई. म्हणायचे, नीट बसवलेली न्हाई तर नाव काय लावायचं.

पुढं पाऊस झाले, उंचवटे खचले, रुद्रभूमीत वेडी बाभूळ माजली. समाजाच्या लोकांनी बैठक घेतली. सगळी जमीन सपाट करायची, झाडं लावायची, प्रत्येकाच्या जागेवर नावाची पाटी बसवायची. म्हातारी माणसं म्हणाली, सपाट केल्यावर कुणाची जागा कुठली हे कसं सापडायचं? तेव्हा सर उभे राहिले. "मी मोजून देतो. मधी एक खूण करायची. खुणेपासून प्रत्येक जागा किती लांब आणि किती वळून, एवढे दोन आकडे असले की कधीबी सापडेल."

ते घरी आले आणि मला म्हणाले, "मिस्त्री, चाक देता का?"

हॉटेलवाल्याला न्हाई दिलेलं ते चाक मी स्वतः हातगाड्यावर घालून नेलं. रुद्रभूमीच्या मधोमध ओटा बांधला आणि त्यावर चाक आडवं बसवलं. एक आरा नीट उत्तरेला. तिथनं शून्य. पेंटरनं धावेच्या बाहेरच्या अंगाला पांढऱ्या रंगात अंश लिहिले. आतल्या अंगाच्या लाकडावर सरांनी माझी पटाशी मागून घेतली आणि आऱ्याच्या मापाच्या खुणा कोरल्या, एकेका आऱ्याचे दहा दहा भाग करून. मी म्हटलं, "ह्या कुणाला पाहिजेत?" ते म्हणाले, "चाकाला."

मोजणीच्या दिवशी घराघरातली माणसं आली. आपापल्या माणसाच्या जागेवर दोरीचं टोक धरून उभी राहायची. दुसरं टोक तुंब्याला बांधलेलं. पेंटर दोरीखालचा आकडा वाचायचा आणि सर मांडीवरच्या कम्प्युटरात घालायचे. पण आधी ओरडायचे, "कोणत्या मापात?" आणि पेंटरनं "अंश" म्हटल्याशिवाय बोट हलवायचे न्हाईत. एक म्हातारी चिडली. म्हणाली, "अवो सर, माझा मालक उन्हात उभा ठेवताय का? अंशच की, दुसरं काय असणार हाय?" सर म्हणाले, "असतं आजी. म्हणून विचारतो." मग पेंटर आधीच ओरडायला लागला. एकशेदहा अंश. दोनशेचार अंश. लोक हसत होते, तो दिवस बरा गेला.

शेवटी एकच जागा राहिली. सर म्हणाले, "तुम्ही सगळे चहा घेऊन या. तिची मी घेतो."

आम्ही नाक्यावर चहा घेऊन परत आलो तेव्हा त्यांनी दोरी गुंडाळलेली होती आणि कम्प्युटर बंद केलेला होता. डोळे लाल होते. दिवसभर त्यांनी सगळ्या गावाला विचारलं, कोणत्या मापात. त्यांना विचारायला तिथं कुणी न्हवतं.

दुसऱ्या दिवशी जेसीबीनं सगळं सपाट केलं. पाट्या बसवायचं मागं पडत गेलं, जसं सगळीकडं पडतं. सरांना पाटीची गरज न्हवती. ते पहाटे जायचे आणि यायचे.

मग त्यांना लकवा झाला. लातूरला नेलं, जीव वाचला, उजवा हात गेला, जीभ हळूहळू परत आली. आठवण मात्र मधनं मधनं पुसलेली. लातूरचा क्लास आठवायचा. माझ्या उस्तादाची वीत आठवायची. वहिनी गेल्या हे आठवायचं, काळी पिशवी आठवायची, पिशवीची चेनसुद्धा. चालता यायला लागल्यावर पहिल्या सोमवारी मी त्यांना रुद्रभूमीत घेऊन गेलो. म्हटलं डोक्यात नसलं तरी पायात असेल, इतकी वर्षं गेलेत. फाटकातनं आत सोडलं आणि हात काढून घेतला. ते चाकापर्यंत गेले. तिथं उभे राहिले. पाय कुणीकडंच वळले न्हाईत. हातातला तांब्या भरलेला तसाच.

माझ्याकडं वळून म्हणाले, "मिस्त्री, कुठं हो?"

घरी आलो. म्हणाले कम्प्युटर काढा. मी पुढ्यात ठेवला. डाव्या हाताच्या एका बोटानं एकेक अक्षर दाबत त्यांनी सवाल लिहिला. ते मात्र विसरले न्हवते. बोटाला सगळं येत होतं. वहिनींचं नाव घातलं आणि कम्प्युटरनं दोन आकडे दिले. किती लांब तो एक. दुसरा चार पॉइंट दोन.

मला बरं वाटलं. म्हटलं सापडली. सर त्या आकड्याकडं बघत बसले. मग हळू आवाजात स्वतःलाच म्हणाले, "कोणत्या मापात?"

मला समजायला वेळ लागला. चार पॉइंट दोन अंश असेल तर ती जागा उत्तरेला, शून्याच्या जरा बाजूला, लिंबाखाली. चार पॉइंट दोन आरे असतील तर चाकाचे तीन भाग करून दोन भाग पार करायचे, म्हणजे मागं नाल्याकडच्या भिंतीला. दुसऱ्या कुणाच्या आकड्याला ही भानगड न्हवती. एकशेदहा आरे कधी होत न्हाईत, ते अंशच. हा एकच आकडा इतका लहान की तो दोन्हीकडं बसतो.

"सगळ्यांचं अंशात लिहिलंय," मी म्हटलं, "मग वहिनींचंबी अंशातच असणार."

"सगळ्यांचं पेंटरनं वाचलं. तिचं मी वाचलं."

"म्हणजे आऱ्यात."

"कुणी सांगावं. मी त्या वेळी काय करून राहिलो होतो मला आठवत न्हाई. मला दिसत असेल का तरी?" मग म्हणाले, "क्लासात मी ह्याला शून्य दिलं असतं."

मी दोरी घेऊन गेलो आणि दोन्ही जागा मोजल्या. जमीन दोन्हीकडं सारखीच, गवत उगवलेलं. दोन दगड ठेवले. एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, हळूच उकरून बघू. पिशवी कुजत न्हाई, हातभर खाली लागेल."

ते माझ्यावर कधी ओरडले न्हवते, त्या दिवशी ओरडले. "ती निजलीय. तिला उकरायची न्हाई."

मग दोन्हीकडं पाणी. लिंबाखाली ते उभ्यानं घालायचे, कारण तिथं बसायला उठायला मुळ्या आडव्या येतात. मागं भिंतीला टेकून जरा वेळ बसायचे. मी विचारलं तुम्हाला कुठं वाटतं. ते म्हणाले, "लिंबाखाली गेलो की वाटतं ती तिकडं हाय. तिकडं गेलो की वाटतं लिंबाखाली." दुसऱ्या एका सोमवारी परत येताना माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. म्हणाले, "मिस्त्री, माझा खड्डा तिच्या बाजूलाच करायचा. तेव्हा खांदावंच लागंल. तेव्हा कळंल कुठं हाय ती."

"कळंल."

"मग मला सांगायचं."

"तुम्ही कुठं असणार सर ऐकायला?"

"तरी सांगायचं. नुसता आकडा न्हाई, मापासकट."

मी हाव म्हटलं.

सर गेले ते एका सकाळी, खुर्चीत. चहा पुढ्यात होता. उदगीरचा पुतण्या आला, दुकान बंद करून, बायकोला घेऊन. समाजाचे अध्यक्ष आले, अय्या आले, म्हणजे त्यांचे जंगम स्वामी. खड्डा कुठं करायचा यावरनं बोलणं सुरू झालं.

अध्यक्ष म्हणाले, "लिंबाखाली. यादी सगळी अंशात हाय. आणि सावली हाय."

पुतण्या म्हणाला, "काकूला लिंब आवडायचा. तिथंच असेल."

मी म्हटलं, "मागं."

"मिस्त्री, तुम्ही कशावरनं म्हणता?"

"आतल्या खुणा सरांनी स्वतःच्या हातानं कोरल्यात. आपल्या माणसाला माणूस आपल्या मापानं मोजतो. पेंटरच्या न्हाई."

"हे काही कारण झालं का?"

"मग न्हाई झालं. पण मागं."

अध्यक्ष म्हणाले की हा समाजाचा विषय हाय, मिस्त्री तुमचा न्हाई. ते खरं होतं. मी वाद घातला न्हाई. सगळ्यांच्या आधी रुद्रभूमीत जाऊन मागच्या दगडाजवळ जमिनीवर बसलो. ते आले तेव्हा म्हटलं, खड्डा कुठंबी खांदा, मी इथं बसलोय. अय्या म्हातारे, माझ्याच वयाचे. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "राहू द्या. इतकी वर्षं त्यांना हाताला धरून आणलंय ह्यांनी. मागंच करा."

फावड्यानं खड्डा केला, दगडापासून हातभर सोडून. खांदणारा गडी कमरेइतका खाली गेला आणि थांबला. वर बघितलं. आम्ही वाकून बघितलं. खड्ड्याच्या बाजूच्या भिंतीत मातीतनं काळा कोपरा आलेला. प्लास्टिक. एक दात तुटलेली चेन.

पुतण्यानं तोंडावर उपरणं घेतलं. अय्यांनी विभूती घेतली, खाली वाकले आणि त्या कोपऱ्यावर लावली. मग गड्याला म्हणाले, माती लिंपून घे, उघडं ठेवू नको.

मी बरोबर निघालो होतो. एरवी मी गावभर सांगितलं असतं. पण ज्याला सांगायचं तो माणूस बाजूला विमानात, म्हणजे न्यायला सजवलेल्या पालखीत, बसवलेला होता, डोक्याला शाल गुंडाळलेली, मान जरा कलती. त्यांना खाली उतरवलं. मांडी घालून बसवलं, हातात लिंग दिलं, विभूती लावली, मीठ आणि बेलाची पानं भोवतीनं. वहिनी बाजूला निजलेल्या आणि सर त्यांच्याजवळ बसलेले. लातूरच्या दवाखान्यात त्यांना असं बसू दिलं न्हवतं.

एकेकानं माती टाकली. मी त्यांच्यातला न्हाई म्हणून मागं होतो. अय्यांनी मला हातानं पुढं बोलावलं. मी मूठभर माती घेतली, काठावर बसलो आणि सरांच्या कानाकडं वाकलो. लोक बघत होते. बघू देत.

"सर," मी म्हटलं, "चार पॉइंट दोन. आरे."